मथळ्यातले ‘हे’ ठिकाण : ऑनलाइन प्रवासलेखनाच्या घसरणीची मीमांसा

‘मुंबईपासून अवघ्या दोन तासांवर असलेले ‘हे’ ठिकाण पाहिलेत का?’ ‘पावसाळ्यात स्वर्गाहून सुंदर दिसतो ‘हा’ घाट, सहावा फोटो पाहून थक्क व्हाल!’ हे दोन मथळे मी बनवलेले आहेत, पण त्यांच्या सख्ख्या भावंडांना मोबाइल वापरणारा प्रत्येक मराठी वाचक ओळखतो. जून उजाडला की ती रोज दारात येतात. त्यांना नाक मुरडून पुढे जाणे सोपे असते. मराठीत शंभरहून अधिक वर्षे रुजलेला हा लेखनप्रकार पडद्यावर आल्यावर इतका पातळ का झाला, हे सांगणे मात्र तितके सोपे नाही. लेखक आळशी झाले आणि वाचक उथळ झाले, ही दोन ठरलेली उत्तरे मला पटत नाहीत. बदलले ते मोबदल्याचे माप. पूर्वी पैसे वाचण्याचे मिळत, आता ते वाचण्याआधीच्या क्षणाचे मिळतात. बाकीची बहुतेक लक्षणे या एका बदलातून निघतात, असे मला दाखवायचे आहे.

क्लिकबेट कशाला म्हणायचे ते आधी ठरवून घेऊ. मथळा चटकदार असणे हा गुन्हा नाही. ‘अपूर्वाई’ किंवा ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ ही प्रवासवर्णनांची नावेही उत्सुकता चाळवतात, पण नावाने केलेले कर्ज पुस्तक फेडते. क्लिकबेट ठरायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. वाचकाला हवा असलेला नेमका तपशील मथळ्यातून हेतुपुरस्सर काढून घेतलेला असतो, आणि तो हाती लागल्यावर जागवलेल्या उत्सुकतेच्या मानाने त्याचे मोल क्षुल्लक निघते. नुसते पहिले असेल तर ती रहस्यकथेची जुनी युक्ती झाली. नुसते दुसरे असेल तर तो एक कंटाळवाणा लेख, आणि तसे लेख छापील मासिकांतही पुष्कळ आले आहेत.

तपशील काढून घेण्याचे काम मराठी मथळ्यात दर्शक सर्वनामे करतात. ‘हे’, ‘हा’, ‘या’ अशी एकेरी अवतरणात बसवलेली अक्षरे म्हणजे नाव खोडून ठेवलेली जागा. ही युक्ती मराठीची एकटीची नाही. डेन्मार्कमधील वृत्तसंकेतस्थळांच्या मथळ्यांचा अभ्यास करून ब्लोम आणि हॅन्सन या संशोधकांनी २०१५ साली नेमके हेच दाखवले, की मथळा पुढे येणाऱ्या मजकुराकडे बोट दाखवतो आणि वाचकाला त्या बोटामागे ओढत नेतो. ओढ का बसते, याचे स्पष्टीकरण त्याआधीच मिळाले होते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ च्या निबंधात कुतूहलाची मीमांसा केली. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही यांतली फट लक्षात आली की माणूस अस्वस्थ होतो. विषयाबद्दल काहीच माहीत नसेल तर ही अस्वस्थता येत नाही, अर्धे माहीत असेल तर ती तीव्र होते. म्हणून तर मथळ्यात अंतर सांगतात आणि नाव लपवतात. ‘मुंबईपासून दोन तास’ हा माहीत असलेला अर्धा भाग झाला.

आता हे यंत्र एका जागेवर चालवून पाहू. जुन्नर तालुक्यातला नाणेघाट. पावसाळी मथळ्यांत तो ‘उलटा धबधबा’ म्हणून येतो, आणि पुष्कळदा गुरुत्वाकर्षणाचा नियम मोडणारे ठिकाण म्हणून. घडते ते असे. नैऋत्येचा वारा कोकणातून येऊन सरळसोट कड्यावर आदळतो, त्याला वर जाण्यावाचून वाट नसते, आणि कड्यावरून पडू पाहणारी पाण्याची पातळ धार तो उचलून माथ्यावर परत भिरकावतो. वारा पडला की पाणी इतर कुठल्याही धबधब्यासारखे खाली पडते. एवढे दोन ओळींत सांगता येते, आणि ते गुरुत्वाकर्षण मोडण्यापेक्षा अधिक मनोरंजक आहे, कारण त्यावरून कुठल्या दिवशी काय दिसेल याचा अंदाज बांधता येतो. वारा नसलेल्या दिवशी गेलेला माणूस निराश होऊन परततो, ही माहिती मथळ्याच्या सोयीची नाही.

त्याच घाटात एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीतला, सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्या लेखात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाण्यांची जंत्री आहे, आणि ती आकड्यांत लिहिलेली असल्याने भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात या लेखाला मोठे स्थान आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आज पुतळे नाहीत, नुसती पावले आणि वर कोरलेली नावे उरली आहेत. जुन्नरहून कल्याण बंदराकडे जाणारा माल या वाटेने उतरे. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवला जातो. ज्या ठिकाणी वाचकाला सांगण्यासारखे इतके आहे, तिथल्या लेखाचा सगळा भार वर उडणाऱ्या पाण्याच्या सहा सेकंदांच्या चित्रफितीवर पडतो. शिलालेख मोबाइलच्या पडद्यावर काळपट भिंतीसारखा दिसतो, त्यामुळे तो शेवटच्या परिच्छेदात एका वाक्यात उरकला जातो. काही वेळा तेवढेही नाही.

हे असे का होते, हे जमाखर्च मांडल्यावर कळते. २००३ साली गूगलने ॲडसेन्स सुरू केले आणि जाहिरातींचे उत्पन्न लहानसहान संकेतस्थळांपर्यंत पोहोचले. तत्त्वतः ही चांगलीच गोष्ट होती, कारण त्यामुळे संपादकाच्या मर्जीविना लिहिता येऊ लागले. पण हे उत्पन्न पान उघडण्याशी आणि जाहिरातीवर बोट पडण्याशी बांधलेले आहे. दिवाळी अंक विकत घेणाऱ्याने पैसे आधीच मोजलेले असत. त्यातले प्रवासवर्णन फसले तर पुढल्या वर्षी त्याने अंक बदलला असता, म्हणून संपादकाला पूर्ण लेखाची चिंता होती. ऑनलाइन लेखाची विक्री पान उघडताच पूर्ण होते. वाचकाने पहिल्या परिच्छेदानंतर कपाळावर हात मारला तरी हिशेबात फरक पडत नाही. उलट फोटो एकामागून एक वेगळ्या पानांवर टाकले तर एकाच वाचकाकडून दहा पाने उघडून घेता येतात.

खर्चाची बाजू याहून बोलकी आहे. नाणेघाटाला प्रत्यक्ष जाऊन लिहायचे तर एक दिवस जातो, गाडीचे किंवा एसटीचे भाडे जाते, पाऊस लागला तर दुसरा दिवसही जातो. लेण्याबद्दल धड लिहायचे तर सातवाहनांच्या लेखांचे अभ्यासक मिराशी यांचे एखादे पुस्तक काढून बसावे लागते. तोच लेख कार्यालयात बसून, चार जुने लेख उघडून आणि इन्स्टाग्रामवरचे फोटो जोडून अर्ध्या-पाऊण तासात होतो. दोन्ही लेखांना पान एकदा उघडण्यामागे मिळणारी रक्कम तीच. मराठी मजकुरावरच्या जाहिरातीला इंग्रजीपेक्षा कमी दर मिळतो, त्यामुळे ती तूट संख्येने भरून काढायची असते. अशा ठिकाणी पाळीत अनेक बातम्या पाडाव्या लागणाऱ्या तरुण उपसंपादकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला सकाळी कुठले शब्द जास्त शोधले जात आहेत याची यादी मिळते, आणि संध्याकाळी किती व्ह्यूज आले याची. मधल्या वेळात कुठेही जाऊन येण्याची तरतूद नसते.

न जाता लिहिलेला लेख दुसऱ्या न गेलेल्याच्या लेखावर उभा राहतो, आणि तिथे चूक पक्की होते. पनवेलजवळचा कलावंतीण सुळका हे याचे ठसठशीत उदाहरण आहे. ‘जगातला सर्वात धोकादायक किल्ला’, ‘सूर्य मावळल्यावर इथे कोणी थांबत नाही’, ‘ना वीज, ना पाणी, ना माणूस’ अशा आशयाचे मजकूर हिंदी, इंग्रजी आणि मराठीत वर्षानुवर्षे फिरत आहेत. खडकात कोरलेल्या पायऱ्या उभ्या आहेत आणि पावसात निसरड्या होतात, हे खरे. पण सुळक्याच्या पायथ्याशी प्रबळमाची आहे. तिथे ठाकर समाजाची घरे आहेत, ती माणसे ट्रेकरना जेवू घालतात, अंगणात तंबू लावू देतात, आणि सुट्टीच्या दिवशी सूर्य मावळल्यावर तिथे चांगली वर्दळ असते. एक फोन किंवा एक फेरी एवढ्याने जे विधान कोसळले असते, ते दहा ठिकाणी आले म्हणून अकराव्याला खरे वाटते. शोधयंत्रालाही तसेच वाटते. विधानाचा उगम एकच आहे आणि बाकीचे नऊ त्याचे पडसाद आहेत, हे मोजणाऱ्याला दिसत नाही.

या चुकीला मी निरुपद्रवी मानत नाही. डोंगरावर माणसे राहतात ही गोष्ट तिच्यामुळे पुसली जाते. शेजारच्या इर्शाळगडाच्या अंगावरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, तेव्हा तिथे वस्ती होती हे अनेक शहरी वाचकांना प्रथमच कळले. गडाचे फोटो मात्र त्यांनी त्याआधी कितीतरी वेळा पाहिले होते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. जुने प्रवासलेखन तरी कुठे धुतल्या तांदळासारखे होते? तेही पैशासाठी होत होते, आणि तिथेही उचलेगिरी होती. दोन्ही गोष्टी मान्य कराव्या लागतात. मराठीतले आद्य म्हणावे असे प्रवासवर्णन, विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’, दक्षिणेच्या आशेने सुरू झालेल्या प्रवासाचे आहे. घरावर कर्ज होते, उत्तरेत बायजाबाई शिंदे यांचा यज्ञ होणार असे कळले, म्हणून भटजी निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. उचलेगिरीचे म्हणाल तर इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरातली वाक्ये कितीतरी दुर्गपुस्तकांत उल्थे होऊन बसली आहेत, चुकांसकट. परदेशवर्णनांत तर माहितीपत्रकातून उतरवलेले परिच्छेद ओळखू येतात. पर्यटन कंपनीच्या खर्चाने जाऊन तिचीच भलामण करणारे लेखही छापून येत असत.

तरीही फरक उरतो, आणि तो पैशाच्या हेतूत नाही. गोडसे भटजी दक्षिणेसाठी निघाले, पण झाशीत जे पाहिले ते त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणाला तसे लिहिता आले नसते. गॅझेटियर उतरवणारा लेखकही बहुधा एकदा तरी गडावर जाऊन आलेला असे, आणि त्याच्या पुस्तकात उसन्या पानांमध्ये कुठेतरी स्वतःची दोन पाने सापडत. आजच्या यादीवजा लेखात ती दोन पाने नाहीत. प्रवासलेखनाची कसोटी म्हणून मी एकच प्रश्न धरतो: या मजकुरात तिथे गेल्यावाचून कळलीच नसती अशी एक तरी गोष्ट आहे का? भाषा साधी असो वा नटवी, लेखक पगारी असो वा हौशी, हा प्रश्न सगळ्यांना सारखा लागू पडतो.

न गेलेला लेखक सगळ्यात आधी काळ गमावतो. ठिकाणाचे नाव, अंतर, उंची या न बदलणाऱ्या गोष्टी उतरवता येतात, पण या आठवड्यात काय आहे ते उतरवता येत नाही. साताऱ्याजवळचे कास पठार घ्या. जांभ्या खडकाचा सडा, त्यावर मातीचा पातळ थर, आणि ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांची रांग. तीही एकदम येत नाही. एका आठवड्यात तेरड्याचा गुलाबी पट्टा असेल, दुसऱ्यात सोनकीचा पिवळा, आणि ओलसर भागात सीतेची आसवे, जी नखाएवढ्या निळ्या फुलांची, कीटक पकडणारी वनस्पती आहे. कारवीच्या कुळातल्या काही जाती तर कित्येक वर्षांतून एकदाच सामूहिक फुलोरा धरतात. अशा जागेबद्दलचा लेख जूनमध्ये प्रसिद्ध होतो, कारण पावसाळी सहलीचा शोध जूनमध्ये वाढतो. वर फोटो सप्टेंबरचा, तोही रंग चढवलेला आणि जमिनीलगत कॅमेरा धरून काढलेला. वाचक जुलैत जातो, त्याला धुके आणि ओला खडक दिसतो, आणि तो ‘काही खास नाही’ अशी नोंद टाकतो. सप्टेंबरात गेलेला दुसरा वाचक गुडघ्याएवढ्या फुलांचा समुद्र शोधतो आणि बोटभर उंचीच्या झाडोऱ्यावर पाय देतो. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत कासचा समावेश झाला. तेव्हापासून वाढलेल्या गर्दीमुळे रोजच्या पर्यटकसंख्येवर मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आणावी लागली. ‘महाराष्ट्राची व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ असे लिहिणाऱ्या कितीतरी लेखांत मात्र नोंदणीचा उल्लेखही नसतो. एका जागेला दुसऱ्या जागेचे नाव चिकटवण्याची ही खोडही याच कुळातली. मिनी काश्मीर, मिनी स्वित्झर्लंड, महाराष्ट्राचे चेरापुंजी. वर्णन करायला पाहावे लागते, टोपणनाव द्यायला नाही.

गर्दी आणि अपघातांशी या लेखनाचा संबंध जोडताना जपून बोलले पाहिजे. जुलै २०२३ मध्ये लोहगडाच्या पायऱ्यांवर माणसे तासन्‌तास अडकून पडल्याची दृश्ये सर्वांनी पाहिली. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पावसाळी ठिकाणी प्रतिबंधात्मक आदेश काढले. त्याच वर्षी जुलैत माणगावजवळ कुंभे धबधब्यापाशी प्रवासाचे व्हिडिओ करणारी एक तरुणी दरीत पडून मृत्युमुखी पडली. यांपैकी एकाही घटनेचे खापर अमुक लेखावर फोडता येणार नाही. वाढती वाहने, जोडून सुट्ट्या, शहरांची वाढ, बेफिकिरी, सगळे त्यात आहे. पण एवढे म्हणता येते, की वाचकाला वीस ठिकाणांपैकी त्याच सहांकडे आणि त्याच शनिवार-रविवारी ढकलणारे लेखन पाण्याच्या लोंढ्याबद्दल, बंदीच्या आदेशाबद्दल, शेवटच्या गाडीबद्दल गप्प असते. धोका त्यात येतो तोही आकर्षण म्हणून, ‘थरार’ या सदरात. भुशीला पाणी अचानक का वाढते, तर वरच्या डोंगरात पडलेला पाऊस काही वेळाने खाली येतो म्हणून. ही ओळ कोणी लिहीत नाही, कारण ती कोणी शोधत नाही.

कंपन्यांनी उपाय केले नाहीत असे नाही. २०११ मध्ये गूगलने निकृष्ट मजकुराच्या कारखान्यांना मागे ढकलणारा बदल केला. ऑगस्ट २०१४ मध्ये फेसबुकने जाहीर केले की मथळ्यावर क्लिक करून वाचक लगेच परत येत असेल तर तो मजकूर कमी दाखवला जाईल. कल्पना रास्त होती. पण वाचकाने पानावर थांबणे मोलाचे ठरले की त्याला थांबवून ठेवण्याचे मार्ग निघतात. आज किल्ल्यावर जायला कुठली वाट, हे शोधणाऱ्याला आधी ‘महाराष्ट्राला निसर्गाचे वरदान लाभले आहे’पासून सुरू होणारे पाच परिच्छेद ओलांडावे लागतात. उत्तर मुद्दाम तळाला ठेवलेले असते. डिसेंबर २०२२ मध्ये गूगलने मजकुराचा दर्जा ठरवण्याच्या निकषांत लेखकाच्या प्रत्यक्ष अनुभवाची भर घातली. अनुभवाचे सोंग आणणे काही अवघड नाही. ‘मी तिथे पोहोचलो तेव्हा पहाटेचे धुके…’ ही सुरुवात आता यंत्रही लिहून देते. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने केलेल्या बदलानंतर स्वतः फिरून लिहिणाऱ्या अनेक छोट्या प्रवास-ब्लॉगरनीच आपला वाचक आटल्याची तक्रार केली. माप कुठलेही लावा, ते ओळखून त्याबरहुकूम लिहिणारा जिंकतो, आणि ज्याला लिहिण्यावाचून त्यात दुसरा रस नाही तो हरतो.

कायद्याची बाजू त्यामानाने बरी आहे, पण तिचा हात तोकडा आहे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम दिले. पैसे, भेटवस्तू, मोफत प्रवास किंवा हॉटेलातला मुक्काम मिळाला असेल तर ते ठळकपणे सांगा, असा त्यांचा रोख आहे. फुकट मुक्कामाच्या बदल्यात केलेली स्तुती त्यांच्या कक्षेत येते. मुक्काम न करताच केलेली स्तुती येत नाही.

यंत्रलिखित मजकुराने या घसरणीला टोक दिले. ऑगस्ट २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रवासविषयक पानावर कॅनडाच्या ओटावा शहरातली प्रेक्षणीय स्थळे आली, आणि त्यांत तिसऱ्या क्रमांकावर गरजूंना अन्न पुरवणारी ओटावा फूड बँक होती. वर सल्लाही होता, की तिथे रिकाम्या पोटी जा. कंपनीने खुलासा केला की मजकूर निव्वळ यंत्राने केलेला नव्हता, अल्गोरिदमच्या जोडीला माणसाची तपासणीही होती. मला तो खुलासाच जास्त बोलका वाटतो. माणूस तिथे होता आणि त्याच्या लक्षात आले नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती यादीतली एक नोंद होती.

याउलट टोकाला डोंबिवलीच्या ट्रेकक्षितिज संस्थेचे संकेतस्थळ ठेवून पाहावे. शेकडो किल्ले, आणि बहुतेकांखाली तेच कोरडे रकाने: पोहोचण्याच्या वाटा, राहण्याची सोय, जेवणाची सोय, पाण्याची सोय, जाण्यासाठी लागणारा वेळ. साहित्य म्हणून त्यात फारसे काही नाही. पण ‘पाण्याची सोय’ हा रकाना गडावरच्या टाक्यात वाकून पाहिल्याशिवाय खात्रीने भरता येत नाही, आणि चुकीचा भरला तर पुढच्या माणसाच्या घशाला कोरड पडते. त्यामुळे तिथे बढाईला जागाच राहत नाही. हे काम हौशी कार्यकर्त्यांनी पदरमोड करून उभे केले. व्यावसायिक प्रवासपानांना असे रकाने परवडत नाहीत असे नाही. लेखाखाली भेटीची तारीख, खर्च कोणी केला, आणि कोणत्या महिन्यात जाऊ नये एवढ्या तीन ओळी टाकायला काहीच खर्च येत नाही. अडचण अशी की त्यांतली पहिली ओळ भरायला कोणीतरी गेलेले असावे लागते, आणि तिसरी ओळ जूनमधले व्ह्यूज घटवते.